ठिणगी, वहिनी आणि नवा कंपायलर

माझ्या वहिनीला मंचरच्या कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी मिळणार की नाही, हा प्रश्न एके काळी माझ्या एका घोषणेपाशी येऊन अडकला होता. घोषणा अशी होती: ‘अनोळखी चूक! खचू नका, लढत राहा!’ ती मी एका प्रोग्रॅमच्या पोटात लिहून ठेवली होती आणि लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. वाचणाऱ्याचं काय होईल, याचा विचार पत्रकं लिहिणारी माणसं करत नाहीत.

मी पत्रकांवर वाढले. पिंपळवंडीच्या आमच्या घरात माळ्यावर कांदे कमी आणि पत्रकं जास्त असायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळा सुटेपर्यंत प्राथमिक शिक्षक आणि शाळा सुटल्यावर सगळ्या तालुक्याचे. धरणात ज्यांची गावं गेली त्यांना जमिनी द्या, हुंडा घेऊ नका, शाळेजवळचं दारूचं दुकान हलवा, असं काहीतरी ते कायम लिहीत असायचे. नारायणगावच्या छापखान्यातून गठ्ठा यायचा, तो मी आठवड्याच्या बाजारात वाटायची. उरलेल्या पत्रकांत माझ्या डब्यातली भाकरी गुंडाळलेली असायची. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच आणि पूर्णविराम ही थकलेल्या माणसांची सोय आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नव्वदच्या दशकात बारावीची परीक्षा दिली, तेव्हा निबंधाची सुरुवात मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ अशी केली होती. पेपर तपासणारे एकटेच असतात, हे नंतर लक्षात आलं.

पुढे पुण्यात कंप्युटर शिकायला गेले आणि तिथे मुक्त सॉफ्टवेअर भेटलं. कुणीही वापरा, कुणीही उघडून बघा, कुणीही बदला, कुणीही वाटा. मला तर घरी आल्यासारखंच झालं. हे म्हणजे पत्रकच, फक्त चालू करता येणारं. शिक्षण संपवून मी नारायणगावला परत आले आणि शेतीच्या औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास काढला. दुकानाचे मालक जैन, घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं. शेठ मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे आणि हिशेब मात्र कुठल्या भाषेत करायचे ते कुणालाच माहीत नव्हतं. इंटरनेटची लाइन त्यांची, फोन त्यांचा, आणि फवारणीच्या औषधांचा जिन्यातून वर येणारा वासही त्यांचाच.

क्लासला येणारी मुलंमुली मराठी शाळांतली होती. प्रोग्रॅम लिहायला ती घाबरायची नाहीत, घाबरायची ती कंपायलरला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. आपलं काही चुकलं की तो ओळीचा नंबर सांगतो आणि इंग्रजीत खेकसतो. एका मुलीनं तर ती इंग्रजी ओळ बघून स्क्रीनला चक्क हात जोडले होते. मी पेटले. ज्ञानाच्या दारात इंग्रजीचा पहारेकरी का, असं म्हणत मी कामाला लागले आणि ‘ठिणगी’ तयार केली.

ठिणगी हा एक दुभाषी होता. तो विद्यार्थी आणि कंपायलर यांच्या मधे बसायचा. कंपायलरची इंग्रजी ओळ आली की तिचे शब्द आपल्याजवळच्या शब्दांशी ताडून पाहायचा आणि तिच्या जागी माझं मराठी वाक्य दाखवायचा. ओळ ओळखीची निघाली नाही, तर ती माझी घोषणा. कल्पना वाईट नव्हती. मराठी मात्र माझं होतं. स्वल्पविराम राहिला तर ठिणगी म्हणायची, ‘येथे विरामचिन्ह अपेक्षित असता ते अनुपस्थित आहे!’ फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एखादं ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला, एखादी किंमत द्यायची राहिली तर, ‘देय मूल्यांची संख्या अपुरी! हा अन्याय का?’

अण्णांना हे प्रचंड आवडलं. त्यांनी फक्त एकच सुधारणा सुचवली, की प्रत्येक चुकीच्या आधी ‘मित्रहो’ घालावं.

वहिनीला आवडलं नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिचं माहेर घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला. बारावी आर्ट्स होऊन लग्न झालं आणि मग द्राक्षाची बाग, टोमॅटोची तोडणी, दोन पोरं. धाकटा शाळेत जायला लागला तशी ती माझ्या क्लासला येऊन बसायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला हाक मारली.

“वन्सं, ह्ये काय लिवलंय वो? अनुपस्थित कोण हाय? शाळंत हजेरी चाललीय का?”

“स्वल्पविराम राहिलाय, वहिनी.”

“मग ‘राहिलाय’ म्हना की.”

“ती प्रमाण भाषा आहे.”

“बरं. मग येक करा. तुमच्या वाक्याच्या खाली, बारीक अक्षरात का व्हईना, त्याचं मूळचं इंग्रजी पन दावा. दोनी बगून काहीतरी कळंल.”

“इंग्रजीला मी मागच्या दारानं आत घेणार नाही.”

“मग पुढच्या दारानं घ्या.”

मी घेतलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

त्या दिवसांत जगभरातले स्वयंसेवक मिळून एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बांधत होते, अजूनही बांधतात. तिच्यात असंख्य पॅकेजं, म्हणजे सुटे सुटे प्रोग्रॅम, आणि प्रत्येक पॅकेजचा एक सांभाळणारा. मी ठिणगी पाठवली, ती त्यांनी घेतली आणि मी तिची सांभाळणारी झाले. मी खाली जाऊन शेठना ही बातमी दिली.

“म्हणजे पगार चालू झाला?” शेठ म्हणाले.

“नाही, हे स्वेच्छेनं असतं.”

“मग काही पदवी, सर्टिफिकेट?”

“नाही.”

“मॅडम, मग हे देवस्थानच्या ट्रस्टीसारखं झालं. तिथे निदान नारळ तरी मिळतो.”

नवख्या माणसाला आपलं पॅकेज स्वतः त्यांच्या सर्व्हरवर चढवता यायचं नाही. एक जुना जाणता ते तपासायचा आणि मग चढवायचा. माझा जाणता कुठल्यातरी बर्फाळ देशात राहत होता. त्याला मी कधी पाहिलं नाही. त्याचा मेल तीन-चार शब्दांचा असायचा आणि त्यातला शेवटचा ‘धन्यवाद’ असायचा. मी डिक्शनरी घेऊन त्याला इंग्रजीत लांबलचक मेल लिहायची, मराठीचा कैवार घेणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. यात काही विसंगती आहे, हे मला तेव्हा जाणवलं नाही. जाणवलं असतं तर त्यावरही मी पत्रक काढलं असतं.

मला वाटलं होतं, एकदा केलं की झालं. पत्रकाचं तसंच असतं. छापलं, वाटलं, संपलं. उद्या बाजारातली माणसं बदलली तरी पत्रकातली अक्षरं उठून जात नाहीत. प्रोग्रॅमचं तसं नसतं, हे मला नव्या कंपायलरनं शिकवलं. नवी आवृत्ती आली, ती जुनीपेक्षा कडक होती, आणि जुन्या कंपायलरनं खपवून घेतलेली माझी ढिसाळ ओळ तिनं खपवून घेतली नाही. ठिणगीच बांधली जाईना, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चालणारा प्रोग्रॅमच तयार होईना. मग मेल आला: तुमचं पॅकेज नव्या कंपायलरवर बांधलं जात नाही. गंभीर दोष. न सुधारल्यास सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीतून काढलं जाईल.

मी त्या मेलला उत्तर लिहिलं. तुम्ही कोणाच्या हितसंबंधांसाठी बोलत आहात, छोट्या भाषांची गळचेपी किती दिवस चालणार, ‘गंभीर’ कोण ठरवणार, असं सगळं. समोरून काहीही उत्तर आलं नाही. ते मौन मी माझा विजय समजले. चार दिवसांनी माझ्या जाणत्याचा मेल आला: “तो मेल मशीन पाठवतं. ओळ दुरुस्त करा. धन्यवाद.”

ओळ दुरुस्त केली. तोवर दुसरीकडून तडा गेला. मजकूर ताडून पाहण्यासाठी ठिणगी दुसऱ्यांनी लिहिलेल्या एका लायब्ररीवर, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहावर, उभी होती. त्या लायब्ररीनं नव्या आवृत्तीत एक जुनं फंक्शन काढून टाकलं. तशी सूचना बऱ्याच आधीपासून देत होते म्हणे. मी सूचना लिहिणाऱ्या घरातली. वाचणाऱ्या घरातली नव्हे. तेही कसंबसं जमवलं. बांधणी त्यांच्या मशीनवर व्हायची; तिथला नवा कंपायलर खंडीभर इशारे द्यायचा, ते मेलनं यायचे, आणि वाचायचा कंटाळा आला म्हणून एक पर्याय लावून मी त्याचं तोंडच बंद केलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आमच्या घरातून निघालेल्या पत्रकांचा गठ्ठा तेव्हा घरी माळ्यावर होता.

पण ठिणगी बांधली गेली. मशीननं हिरवा शेरा दिला. मी शेठना चहा पाजला. एक गोष्ट तेवढी मी तपासली नाही: नव्या कंपायलरबरोबर ठिणगी चालते का? आमच्या क्लासची मशीनं जुनी, त्यांच्यावर जुनाच कंपायलर. इंटरनेटची लाइन मुंगीच्या चालीची, आणि निम्मा दिवस भारनियमन. नवी आवृत्ती उतरवून घ्यायला सुरुवात केली की वीज जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आपलं काम बांधण्याचं, वापरून बघायला वापरणारे आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. वापरणारे किती, तर बोटांवर मोजण्याएवढे, आणि त्यातलं एक बोट मी.

आता वहिनीची गोष्ट. मंचरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा निघाली. विभाग विनाअनुदानित, अटी सैल: बारावी, कंप्युटरचा कोर्स, आणि कॉलेजच्याच मशीनवर प्रॅक्टिकल परीक्षा. फक्त वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी वहिनी तिच्यात बसणार नव्हती. भाऊ म्हणाला, बागेचं काम सोडून रोज मंचर कशाला? वहिनीनं त्याला जे सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं.

“कामाला मी कवा न्हाई म्हनलेय? बागंत पन करते, घरात पन करते. मला फकस्त सकाळच्या एस.टी.त बसून कुटंतरी जायाचंय. जिथं मला कुनी अमक्याची बायको म्हनून वळखत न्हाई, तिथं.”

 त्या एस.टी.साठी वहिनी महिनाभर रोज दुपारी क्लासला येऊन प्रोग्रॅम लिहीत होती, ठिणगीवर.

परीक्षेच्या आधी आठवडाभर शेठच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. त्याच कॉलेजचे विभागप्रमुख. त्यांनी कधीतरी माझं मुक्त सॉफ्टवेअरवरचं भाषण ऐकलं होतं आणि त्या धक्क्यातून बाहेर येण्याआधीच सगळ्या लॅबवर आमची सिस्टिम बसवली होती. आता उन्हाळ्यात नवी आवृत्ती बसवली होती, ठिणगीसकट.

“ताई, तुमचं ते मराठीचं लई भारी आहे,” सर म्हणाले, “पण आता ते सगळ्यालाच ‘लढत राहा’ म्हणतंय. काय पण चुकलं तरी तेच. पोरं लढून दमली राव!”

मी कपाळाला हात लावला. नवी आवृत्ती लिहिणाऱ्यांनी कंपायलरच्या चुका सांगायच्या भागाला नव्यानं हात घातला होता. पूर्वी तो जिथे मोघम ‘पार्स एरर’ म्हणायचा, तिथे आता कुठलं चिन्ह अपेक्षित होतं ते नीट सांगत होता. म्हणजे सुधारणाच होती. पण माझी ठिणगी जुन्या शब्दांची वाट बघत बसली होती. नवी एकही ओळ तिच्या ओळखीची नव्हती, म्हणून प्रत्येक ओळीला ती घोषणा देत होती. आणि इंग्रजीला दारात उभं करायचं नाही हे माझं तत्त्व, त्यामुळे मूळ ओळ दिसण्याची सोयच नव्हती. वर्गात मुलं विचारत होती, काय चुकलं? आणि माझा प्रोग्रॅम सांगत होता, खचू नका.

याच मशीनवर वहिनीची परीक्षा होती.

मी पेटून उठले, म्हणजे नेहमीसारखीच. सगळी वाक्यं नव्यानं बसवली, रचना बदलली, आणि सुरुवातीला मातृभाषेच्या हक्कावर एक पानभर निवेदन घातलं, जे प्रत्येक वेळी स्क्रीनवर यावं. हे सगळं माझ्या जाणत्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, त्याच्या मानानं महाकाव्यच होतं: “आवृत्ती बाहेर पडली आहे. आता फक्त लहान दुरुस्त्या घेतो. ओळ ओळखता आली नाही तर मूळ ओळ दाखवा. एवढं पुरेल. घोषणा काढता येईल. धन्यवाद.”

मी त्याला घोषणेचं महत्त्व समजावलं. परिच्छेद पाडून.

त्यानं विचारलं, “ती वापरणाऱ्याला काय देते?”

मी लिहिलं, “धीर.”

त्यानं लिहिलं, “कशाबद्दल?”

मी डिक्शनरी उघडली. तेवढ्यात डबा घेऊन वहिनी वर आली.

“काय म्हनतोय तो तुमचा परदेशी?”

“घोषणा काढ म्हणतोय. आणि तिथे इंग्रजी दाखव म्हणतोय.”

“शाना हाय,” वहिनी म्हणाली आणि डबा उघडला.

मी घोषणा काढली. काम दोन ओळींचं होतं, पण मी ते सगळी दुपार केलं. काय बदललं याची नोंद लिहावी लागते, तिच्यात मी इंग्रजीत लिहिलं: ‘घोषणा तात्पुरती मागे घेतली आहे.’ जाणत्यानं ‘तात्पुरती’ खोडलं आणि दुरुस्ती पुढे पाठवली. ती कॉलेजच्या मशीनपर्यंत आपोआप पोचणार नव्हती, कारण लॅबला इंटरनेट नव्हतं. म्हणून मी सीडी केली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी जीपमध्ये बसून मंचरला निघाले. जीपमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर बसायला जागा मिळाली.

इथवर सगळं ठीक होतं. सर माझी वाटच बघत होते. लॅब उघडी, मशीनं चालू, चहा सांगितलेला. मी फक्त सीडी घालायची होती. पण लॅबच्या दारात माझ्यातली अण्णांची मुलगी जागी झाली. वशिल्याविरुद्धचं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं, आणि ते याच मंचरच्या स्टँडवर वाटलं होतं.

“सर, आधी एक स्पष्ट करते,” मी म्हणाले. “उद्याच्या उमेदवारांमध्ये माझी सख्खी वहिनी आहे.”

“बरं मग?”

“मग मी परीक्षेच्या मशीनला हात लावणं योग्य नाही. नातेवाइकानं परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये शिरायचं, हीच तर आपल्याकडची कीड आहे.”

“अहो ताई, दुरुस्ती सगळ्यांनाच सारखी आहे की. त्यात वहिनीचं काय वेगळं?”

“प्रश्न दुरुस्तीचा नाही सर, हाताचा आहे.”

सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “मग कोण बसवणार हे? मी परीक्षेच्या आदल्या दिवशी हात लावणार नाही. काही बंद पडलं तर? ह्याच कामासाठी तर माणूस भरतोय आपण!”

“ते तुम्ही ठरवायचं,” मी म्हणाले. सीडी टेबलावर ठेवली आणि अन्याय, सचोटी, ग्रामीण भागातल्या संस्था यांच्यावर थोडं बोलले. थोडं म्हणजे चहा निवेपर्यंत. सर शेवटी म्हणाले, “बरं ताई, चहा घ्या.”

परत येताना मला फार हलकं वाटत होतं. घरी पोचले तर वहिनी भाकरी थापत होती आणि अण्णा ओट्यावर बसले होते.

“टाकलं का?” वहिनीनं विचारलं.

“सीडी दिली. मी हात लावला नाही.” आणि मी कारण सांगितलं.

“शाब्बास!” अण्णा म्हणाले. “याला म्हणतात तत्त्व.”

वहिनीचा हात थांबला. “म्हंजी उद्या माज्या म्होरं तुमचं लढत राहाच येनार?”

“सर बसवतील बहुतेक.”

“बहुतेक,” वहिनी म्हणाली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून, अण्णांकडे न बघता, हळूच म्हणाली, “अण्णा, तत्त्व तुमचं नि परीक्षा माजी.”

अण्णांनी समोरचा पेपर उचलला. तो कालचा होता, हे मला दिसत होतं. पुढची भाकरी वहिनीनं अशी थापली की भिंतीवरची चाळणी हलली. मी म्हणाले, इंग्रजी चुका थोड्या बघून घेऊ या का? ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. आज मला तुमच्याकडनं कायबी शिकायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.नं गेली. मी क्लासमध्ये काहीही शिकवलं नाही. दर थोड्या वेळानं खिडकीत जाऊन उभी राहायची. खाली शेठ गिऱ्हाईकाला फवारणीचं प्रमाण सांगत होते आणि मधेच वर बघून म्हणत होते, “मॅडम, एस.टी. खिडकीतून नाही येत.” उन्हं कलल्यावर जिन्यावर चपला वाजल्या. वहिनी आली, खुर्चीत बसली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

“बसवलं होतं का सरांनी?”

“कशाचं बसवत्यात! सीडी तशीच टेबलावर व्हती. वर चहाची बशी ठेवली व्हती.”

“मग?”

“मग काय. परतेकाच्या म्होरं तुमची घोषना. शेजारच्या पोराला वाटलं ह्यो परीक्षेचाच भाग हाय, धीर किती टिकतो ते बगत्यात. येक पोरगी रडाय लागली. मी धा मिंटं थांबले. मग उभी राह्यले.”

“आणि?”

“म्हनलं, सर, ह्ये माज्या नंदेनं केलंय नि ह्ये मोडलंय. ह्याला मधनं काढा, आन मूळचा कंपायलर सरळ चालवू द्या आमाला.”

“नणंदेनं म्हणालात?”

“मग काय शेजारनीनं म्हनू? सर म्हनले, मला ठावं हाय, काल भाषन दिऊन गेल्यात त्या. सगळी हसली. मग मी मूळ कंपायलरचं नाव टाइप करून दावलं. सरांनी फळ्यावर लिवलं ते, समद्यांसाठी. मग आलं इंग्रजी.”

“तुम्हाला ते इंग्रजी वाचता आलं?”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, आणि ती पहिल्यांदा जराशी अवघडली.

“वन्सं, रागावू नका. महिनाभर मी ह्येच करत व्हते. तुमचं मराठी आलं की तुमची पाठ फिरल्यावर मूळचा कंपायलर चालवायचा नि इंग्रजी बगायचं. इंग्रजी बगितल्याबिगर तुमचं मराठी कळायचं न्हाई.”

मी उठून तिचा तांब्या पुन्हा भरून आणला. वहिनीला ते जास्त झालं असावं.

“समदं न्हाई आलं मला,” ती म्हणाली. “येक प्रोग्रॅम चालला, दुसऱ्याचं उत्तर चुकीचं आलं. तो शेजारचा पोरगा माज्यापेक्षा हुशार व्हता. बगू काय व्हतंय.”

निकाल यायला वेळ लागला. तोवर घरात माझ्याशी सगळे नीट वागत होते, आणि तेच मला बोचत होतं. अण्णांनी एकदा वशिल्यावरचं पत्रक पुन्हा छापायचा विषय काढला आणि स्वतःच मिटवला. मग शेठच्या दुकानात फोन आला. तो हुशार पोरगा पुण्याला दुसरीकडे लागला होता, जागा वहिनीला मिळाली होती. शेठ दुकान गिऱ्हाईकावर सोडून धावत जिना चढून आले, जे त्यांनी भाड्यासाठीही कधी केलं नव्हतं. घरी अण्णांनी वहिनीला पेढा दिला आणि एक भाषण सुरू केलं. वहिनीनं तो पेढा अर्धा करून त्यांच्याच तोंडात घातला.

कामाच्या पहिल्या दिवशी दुपारी तिचा कॉलेजातून फोन आला. मी जिना उतरून खाली गेले.

“वन्सं, तुमचं पॅकेज काढायची कमांड काय हाय वो?”

“का?”

“सर म्हनत्यात, समद्या मशीनवरनं काढा. पयलं काम त्येच दिलंय मला.”

“वहिनी, सरांना सांगा की दुरुस्त केलेली आवृत्ती सीडीवर आहे. तिच्यात इंग्रजीसुद्धा दिसतं. शिवाय मी आता वाक्यं सोपी करायला घेतली आहेत. मूळ भूमिका अशी आहे की ज्ञानाची भाषा...”

“वन्सं, सर हितंच उभं हायेत. कमांड सांगा.”

मी एकेक अक्षर सांगितलं. पलीकडून बटणांचा आवाज आला, हळू पण न चुकता.

“इचारतंय, कंटिन्यू करायचं का. वाय का यन.”

शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते.

“वाय,” मी म्हणाले.

“दाबला. थांबा, ह्ये काय म्हनतंय... नुसतं काढलं तर तुमची ती शब्दांची फाइल मागं ऱ्हाती म्हनं. ठिवू का ती बी काढू?”

“तिचा तिथे काही उपयोग नाही, वहिनी.”

“ते मला बी कळतंय. तुमी सांगा.”

“काढा,” मी म्हणाले, आणि तिला ती दुसरी कमांडही सांगितली. तिनं ती पहिल्या मशीनवर मला वाचून दाखवली. पुढच्या मशीनला तिनं विचारलं नाही. फोन टेबलावर तसाच ठेवून ती एकेक मशीन करत गेली, आणि मी खालच्या औषधांच्या वासात उभी राहून शेवटच्या मशीनपर्यंत ऐकत होते.